भिंतीआडची धार

तळघरातील आपल्या खोलीत पद्माकरपंत गंध उगाळीत बसले होते, तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवरून सुनेचा आवाज त्यांच्या कानी आला. मीनल फोनवर बोलत होती.

"बाबांची खोली तेवढी मोकळी करून घ्यावी लागेल. नाही रे, अजून त्यांना काही बोलले नाहीये. तूच सांग संध्याकाळी."

सहाणेवर फिरणारे खोड थांबले. फोनच्या पलीकडे क्षितिज, त्यांचा मुलगा, होता हे उघड होते. वोल्फ्सबुर्गच्या कचेरीतून तो दुपारी एकदा घरी फोन करीत असे. खोली कशासाठी मोकळी करावयाची, हे मात्र ऐकू आले नाही. मीनल बोलत बोलत स्वयंपाकघराकडे गेली आणि दार लोटले गेले. पंतांनी बोटावरचे गंध देवास वाहिले व ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

खोली लहान होती. जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहराच्या कडेला, एकाच भिंतीने जोडलेल्या दोन घरांपैकी हे एक घर. त्याच्या तळघरात एका बाजूस पाण्याचा मीटर, कपडे धुण्याचे यंत्र आणि सायकली, दुसऱ्या बाजूस ही खोली. पत्नी कुसुमताई निवर्तल्यावर पंत वाईहून येथे आले, त्या वेळी मुलाने व सुनेने वर स्वयंपाकघराला लागून एक कोपरा देवांसाठी सजवून ठेवला होता. शिसवी देव्हारा, वर मंद दिवा, खाली पूजेच्या साहित्याचा खण. पंतांनी तो पाहिला, उत्तम आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देव तळघरातील आपल्या निजण्याच्या खोलीत मांडले. "येथे देव स्थिर झाले. आता हलवणे नको," एवढेच त्यांनी सांगितले होते.

खरे कारण पूर्वेकडील भिंतीच्या आड होते. तेथे, स्वस्थ बसून कान दिला असता, पाण्याची एक बारीक धार वाहत असल्याचे ऐकू येई. वर कोणी भांडी घासली की त्याच बाजूने पाणी धो धो कोसळे, पण तो आवाज येई आणि जाई. धार मात्र तुटत नसे. अंगणात बर्फ साचलेल्या दिवसांतही ती तशीच वाहत होती, अभिषेकपात्रातून शिवलिंगावर पडणाऱ्या धारेसारखी, एका लयीत. ज्याने आयुष्यभर कृष्णेच्या घाटावर स्नानसंध्या केली, त्याला या गावी ओकर नदी काठावरून पाहावी लागे. तिच्यात लोक होड्या वल्हवीत, अर्घ्याला कोणी उतरत नसे. पहिल्याच पहाटे तळघरात ती धार ऐकू आली, तेव्हा भूमीच्या उदरातील एखादा झरा या घराच्या पायाला स्पर्श करून जात असावा, असे पंतांना वाटले. त्याच्या सान्निध्यात देव मांडले, म्हणजे ते स्थान तीर्थच झाले. परतीचे तिकीट रद्द कर असे त्यांनी मुलाला सांगितले ते त्याच दिवशी.

ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नव्हती. झऱ्याचे नाव काढले, तर क्षितिज ओल शोधावयास माणसे आणील आणि माणसे भिंत फोडतील. धार गेली, तर या परक्या भूमीत आपण कोणत्या आधारावर राहावयाचे, या प्रश्नाचे उत्तर पंतांपाशी नव्हते.

संध्याकाळी जेवताना क्षितिजने विषय काढला.

"बाबा, शनिवारी प्लंबर येतोय. पाण्याच्या मुख्य लाइनवर आपण एक स्मार्ट व्हॉल्व्ह बसवणार आहोत. कुठे गळती झाली, की ते आपलं आपण पाणी बंद करतं."

"आपलं आपण?"

"या," कचेरीतील जर्मन होकार क्षितिजच्या तोंडून निसटला. "म्हणजे, हो. त्यात सेन्सर असतो. घरात पाणी कसं वापरतात ते आधी शिकतं, मग काही वेगळं दिसलं की बंद."

"कोण केव्हा उठतो, कोण किती पाणी घेतो, हेही शिकत असेल."

"शिकतं. पण कोणाला सांगत नाही."

"तुला?"

"मला सांगेल की. फोनवर."

"मग कोणाला सांगत नाही, हे कसं?"

क्षितिज हसला. मीनलने पोळी वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिले. "प्रतापच्या घरी काय झालं ते सांग ना त्यांना."

प्रताप हा क्षितिजचा कचेरीतील मित्र. गेल्या नाताळात तो कुटुंबासह पुण्याला गेला असताना त्याच्या न्हाणीघरातील नळी फुटली होती. "परत आले तर लाकडी जमीन पापडासारखी फुगलेली," क्षितिज म्हणाला. "आपणही दिवाळीला सगळे जाणार. घर रिकामं असताना असं काही झालं तर?"

"आणि माझी खोली?"

क्षितिजने ताटातून मान वर केली.

"खोलीचं काय?"

"मोकळी करायची आहे, असं कानावर आलं."

"अहो बाबा, मीटरकडच्या भिंतीला लागून तुमची पुस्तकं आहेत ना, तेवढीच," मीनल म्हणाली. "त्या भिंतीतून नळ जातो. प्लंबरला हात घालायला जागा हवी. देवांना आम्ही शिवणारही नाही. मला माहीत आहे ते."

उत्तर तयार होते. फार तयार होते, असे पंतांना वाटले. शेवटच्या वाक्यात काही टोचणारे होते, परंतु ते कोणाला टोचावयाचे होते हे त्यांच्या ध्यानी आले नाही. त्यांनी ताटाभोवतीचे पाणी हाताने निपटले आणि ते उठले.

शनिवारी सकाळी प्लंबर आला, हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडेस. उंच, गोरा, पन्नाशीचा माणूस. बूट दाराशी काढून पायांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तो तळघरात उतरला, हे पंतांना आवडले. त्याचे भिंतींकडे पाहणे मात्र आवडले नाही. विकत घ्यावयाच्या बैलाचे दात पाहावेत तसा तो घर पाहत होता.

व्हॉल्व्ह त्या दिवशी बसणारच नव्हता. आधी घर त्याच्यासाठी सिद्ध करावयाचे होते. मीटरपाशी असलेला, पाणी बंद करावयाचा मुख्य कॉक वर्षानुवर्षे कोणी फिरवला नव्हता. तो घट्ट बसला होता, म्हणून ब्रांडेसने नवा बसवला. फिल्टरातील जाळी काढून धुतली. फिल्टराच्या पुढे नळीचा एक सरळ तुकडा मोकळा लागतो, तेथे खडूने खुणा केल्या. विजेचे बटण कोठे असावे ते दाखवले. तळघरात इंटरनेट पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी क्षितिज फोन उंच धरून सायकलींमध्ये उभा राहिला. पंत आपल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पुस्तके त्यांनी स्वतःच हलवली होती.

"आता शेवटचं," क्षितिजने भाषांतर केले. "घरातले सगळे नळ बंद ठेवायचे आणि मीटर बघायचा. एक थेंबही वाहता कामा नये. नाहीतर व्हॉल्व्ह रोज गळती समजून पाणी अडवत बसेल."

मीनल वरपासून खालपर्यंत फिरून आली. न्हाणीघरे, शौचकूप, भांड्यांचे यंत्र, बागेचा नळ. "सगळे बंद," ती म्हणाली.

मीटरच्या काचेखाली एक लहानशी चांदणी होती. पाणी वाहू लागले की ती फिरते. तिघेही तिच्याकडे पाहत उभे राहिले. चांदणी फिरत होती. सावकाश, न थांबता फिरत होती.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असे ब्रांडेस म्हणाला, आणि त्याने नवा कॉक बंद केला. चांदणी थांबली. उघडला, ती पुन्हा फिरू लागली. त्याने क्षितिजला बराच वेळ काहीतरी समजावले. क्षितिजचा चेहरा लांब होत गेला.

"मीटरच्या पुढे, आपल्याच घरात कुठेतरी पाणी जातंय. घर जुनं आहे, मजल्यामजल्याला वेगळा कॉक नाही, त्यामुळे कुठे ते लगेच कळणार नाही. बहुधा जमिनीखालची नळी फुटली असेल, म्हणतात. पुढच्या आठवड्यात ऐकायचं यंत्र घेऊन येतील. ते भिंतींना, जमिनीला लावून फिरवायचं. आवाज येईल तिथे फोडायचं."

पंतांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. ऐकण्याचे यंत्र. जो आवाज त्यांनी इतके दिवस एकट्याने जपला, तो ऐकावयास यंत्र येणार होते. व्हॉल्व्ह, गळती, प्रतापची फुगलेली जमीन, हे सर्व एका भिंतीपर्यंत येण्यासाठी रचलेले वळसे तर नव्हेत, असा एक अतर्क्य विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"बाबा, रागावू नका," मीनल हळूच म्हणाली, "पण तुमचं ते अभिषेकाचं पात्र... त्याला नळी वगैरे जोडलेली नाही ना?"

"तांब्याचं पात्र आहे, मीनल. त्यात मी हाताने पाणी घालतो."

"नाही, सहज विचारलं."

"सहज विचारलेलं मला कळतं."

"मग तुम्हीच सांगा कोणाला विचारू? तुम्ही इथे, आम्ही दोघं वर. तुमची नात अन्वी तर आत्ता पोहायला गेलीये."

"अगं, आपल्यातल्या आपल्यात काय बघतेस?" क्षितिज मधेच म्हणाला. "शेजारच्या लिंडनरबाईंची बाग बघ. सगळ्या गल्लीतलं गवत वाळलंय आणि यांचं हिरवंगार. ही दोन्ही घरं आधी एकच होती. एखादी जुनी नळी आपल्याकडून तिकडे गेलेली असणार." त्याने ब्रांडेसला जर्मनमध्ये विचारले. ब्रांडेसने खांदे उडवले. "बघ, ते पण म्हणतात, शक्य आहे. मी आत्ताच जाऊन विचारतो. नीट बोलल्या नाहीत तर वकिलाच्या खर्चाचा विमा काढलाय तो कशासाठी?"

"त्या पावसाचं पाणी घालतात," पंत म्हणाले. "पन्हाळीखाली पिंप आहे. मी रोज पाहतो."

"बाबा, या उन्हाळ्यात पिंपात पाणी कुठून येणार? तुम्हाला फुलं देतात म्हणून तुम्ही त्यांची बाजू घेता."

फुले देत होत्या, हे खरे. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या फ्राऊ लिंडनर रोज सकाळी कुंपणाच्या खांबावर मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत फुले ठेवीत. ती कोणासाठी, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. एकदा पंतांना परडीत ती नेताना त्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून देठ बेताने कापलेले असत. क्षितिज जाकीट चढवीत होता. तो दार ठोठावील, त्याच्या सभ्य शब्दांतून चोरीचा आरोप डोकावेल, आणि एका वृद्ध स्त्रीच्या मुखावर तो उमटेल. आणि हे आपण पुस्तकांना टेकून खुर्चीवर बसून होऊ द्यावयाचे?

"क्षितिज, थांब. पाणी कुठे वाहतं ते मला ठाऊक आहे."

जाकिटाची एक बाही तशीच राहिली.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून. इकडे या."

क्षितिज व ब्रांडेस खोलीत गेले. मीनल उंबरठ्याशीच थांबली. देवांमागील भिंतीला क्षितिजने कान लावला, आणि त्याच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास, मग विस्मय उमटला. ब्रांडेसनेही कान लावला. बोटाच्या पेराने भिंतीवर वर, खाली टिचकी मारली, छताकडे पाहिले, आणि मान हलवून दोनच वाक्ये बोलला.

"काय म्हणतो?" पंतांनी विचारले.

क्षितिज भिंतीपासून दूर झाला. "बाबा, या भिंतीत पिण्याच्या पाण्याची नळीच नाही. हा सांडपाण्याचा पाइप आहे. वरच्या सिंकचा."

"सिंकचं पाणी वेगळं. ते कोसळतं. मी दोन्ही ओळखतो."

"दोन्ही त्याच पाइपातून येतात, बाबा. पण सिंकचा नळ तर बंद आहे. मग हे पाणी..."

"क्षितिज," मीनल उंबरठ्यावरून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आईचं मशीन."

मीनलची आई नंदिनीबाई चिंचवडला राहत. पूर्वी एकदा काविळीने त्या फार आजारी पडल्या होत्या, आणि तेव्हापासून कोणत्याही गावचे, कोणत्याही देशाचे नळाचे पाणी त्या पीत नसत. पंत येण्यापूर्वी त्या पहिल्यांदा येथे येणार म्हणून क्षितिजने पाणी शुद्ध करणारे एक यंत्र पुण्याहून सामानात घालून आणले आणि सिंकखालच्या कपाटात बसवून टाकले. असे यंत्र जितके पाणी शुद्ध करते, त्याहून अधिक पाणी गटारात सोडून देते. आतील टाकी भरली की त्याने थांबावयाचे असते. ते थांबत नव्हते. त्याची नळी थेट सांडपाण्याच्या पाइपाला जोडलेली असल्यामुळे वर कोणास काही दिसले नव्हते. आणि ब्रांडेसने नळ बंद आहेत का असे विचारले, तेव्हा ते कोणास आठवलेही नाही. या घरात त्याला कोणी नळ म्हणत नसे, मशीन म्हणत.

सारे वर गेले. पंत मात्र खालीच राहिले. छतातून त्यांना बोलणे ऐकू येत होते: कपाटाची दारे, डबे बाजूस सारल्याचा आवाज, ब्रांडेसचा एक दीर्घ प्रश्न, त्यावर क्षितिजचे काहीसे ओशाळे हसणे. आमच्या पाण्यात काही खोट आहे का, असे ब्रांडेस विचारीत होता, हे नंतर क्षितिजने सांगितले.

मग भिंतीआडची धार बारीक झाली. तिचे थेंब झाले. थेंबांमधील अंतर वाढत गेले, आणि त्यानंतर काही आले नाही.

"थांबली," मीटरकडून क्षितिजची हाक आली. चांदणीविषयी बोलत होता तो.

पंत देवांसमोर बसून होते. भांडी घासल्याचा आवाज आणि ती धार एकाच बाजूने येतात, हे त्यांना पूर्वीही जाणवले होते. तेव्हा एक शंका मनाच्या दाराशी आली होती; तिला त्यांनी आत घेतले नव्हते. मुलावर, सुनेवर, प्लंबरवर, अद्याप न बसलेल्या यंत्रावर त्यांनी शंका घेतली. त्या धारेवर घेतली नाही, कारण ती त्यांना हवी होती. शास्त्र शिकलेल्या माणसाने ज्या पाण्याला तीर्थ मानून रोज हात जोडले, ते गटाराकडे निघालेले पाणी होते. तरीही जोडलेले हात खोटे होते असे त्यांना म्हणता येईना.

ब्रांडेस गेला. व्हॉल्व्ह घेऊन तो पुढे केव्हातरी येणार होता. घर आता सिद्ध होते. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली आणि मीनल उंबरठ्याशी येऊन उभी राहिली.

"बाबा, या आवाजासाठी तुम्ही इथे राहिलात?"

"हो."

"वरचा कोपरा नको म्हणालात, तेही?"

"वर तो ऐकू येत नव्हता."

ती दाराच्या चौकटीला टेकली. "मला वाटलं, माझं स्वयंपाकघर नको. अंडी होतात, कधी मासे होतात. आईलाही मी तसंच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की सासऱ्यांनी देव तळघरात नेले, सुनेच्या हाताचा वारा लागू नये म्हणून."

पंतांनी तिच्याकडे पाहिले. जेवताना ऐकलेले ते टोचरे वाक्य आता त्यांना उलगडले. "आणि मला वाटत होतं, तुला ही खोली हवी आहे."

"कशाला?"

"ते मी ठरवलं नव्हतं."

मीनलला हसू आले, पण तिने ते पुरे येऊ दिले नाही. "मग तोंडाने सांगायचं ना, बाबा. मी काय भिंत फोडणार होते?"

"तू नाही. क्षितिज."

"त्याने फोडली असती," तिने मान्य केले.

"बाहेर का उभी आहेस?"

"तुम्ही कधी आत ये म्हणाला नाहीत."

"तू कधी आली नाहीस. मला वाटे, तुला धुपाचा धूर सोसत नाही."

"सोसत नाहीच. पण म्हणून नाही." ती आत आली आणि पंतांपासून थोडे अंतर राखून जमिनीवर बसली. भिंतीकडे तोंड करून तिने कान दिला. "आता काही नाही ना?"

"काही नाही."

"मग आता तुम्ही जाणार? वाईला?" हा प्रश्न विचारावयासच ती आली होती, हे तिच्या स्वरावरून कळत होते. "क्षितिज वर तेच म्हणत होता. बाबा आता राहायचे नाहीत, म्हणाला."

पंतांनी देवांकडे पाहिले. मध्ये बाण, म्हणजे नर्मदेतील शिवलिंग, होता, कुसुमताईंच्या माहेरून आलेला. "इथे मी आवाजाच्या भरवशावर राहिलो, आणि आवाज तुमच्या सिंकचा निघाला. म्हणजे राहिलो तो तुमच्याच घरात. वरच्या कोपऱ्यात काय ठेवलंस आता?"

"काही नाही. रिकामा आहे. पुसते मी रोज." मग तिचे डोळे बारीक झाले. "पण तुम्ही तर म्हणाला होतात, देव स्थिर झाले, हलवता येत नाहीत."

"म्हणालो होतो."

"मग ते खरं नव्हतं?"

"घरच्या पूजेतले देव चल असतात. हलवता येतात. बाणाला तर प्रतिष्ठाही लागत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं."

"आणि आता खरं सांगताय कशावरून?"

"विचार कोणाही भटजीला."

"आईला विचारते," मीनल म्हणाली. "तिला यातलं सगळं कळतं. मशीन बंद केल्याचं मात्र तुम्ही सांगा तिला. इथलं पाणी चांगलं आहे म्हणून."

"मी सांगितलं तर त्या मुळीच प्यायच्या नाहीत."

"तेही खरंच."

पंत उठले. अभिषेकपात्र त्यांनी कडीवरून उतरवले, आतील पाणी ताम्हनात रिते केले, आणि ते ओलेच पात्र तिच्यापुढे धरले. "हे घे. बाकीचं मी आणतो."

"हात धुऊन येते."

"धुतलेलेच असतील. धर."

मीनलने ओढणीला हात पुसले. त्यांच्या मुद्रेकडे एकवार निरखून पाहिले, आणि दोन्ही हात पुढे केले.